पासष्ट टक्के, पण कुठले?

जालन्यातल्या एखाद्या महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेल्या मुलीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रकावर, 65 टक्के आहेत असं धरू. अमेरिकेत भारतीय गुणपत्रकं तपासून देणाऱ्या संस्थांच्या तक्त्यांत साठच्या वरचे भारतीय गुण बहुतेकदा 'ए' श्रेणीत जातात, म्हणजे तिथे ही मुलगी हुशारांच्या रांगेत बसली. ब्रिटनमध्ये 65 म्हणजे 'अपर सेकंड'. चांगलं, पण पहिला वर्ग नव्हे. फ्रान्समध्ये वीसपैकी तेरा, आणि तेरा मिळाले तर तिथली मुलं घरी पेढे वाटत नसली तरी मान वर करून चालतात. जर्मनीत मात्र ठरलेलं सूत्र लावलं की 2.75 येतात. तिथे 1.0 सगळ्यात वर आणि 4.0 पास होण्याची शेवटची पायरी, त्यामुळे 2.75 चा शेरा 'समाधानकारक' एवढाच. पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं दार अनेक ठिकाणी 2.5 लाच बंद होतं. मुलगी तीच, उत्तरपत्रिकाही त्याच.

देशोदेशींच्या श्रेणींचे तक्ते आज कुणालाही मोबाइलवर सापडतात. ते सगळे एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा बसवून देतात. पण आकड्यामागे तीन गोष्टी असतात: पास होण्याची रेघ कुठे आहे, परीक्षक वर कुठवर जायला धजतात, आणि परीक्षेला बसलेल्यांपैकी किती जण त्या आकड्याच्या पुढे आहेत. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि आपल्या मेमोवर तीच छापलेली नसते.

हा गोंधळ अनुभवायला विमानात बसावं लागत नाही. एकट्या जालना जिल्ह्यात तो पुरेसा आहे. शहरातली कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. त्यांची दहापैकी श्रेणी. तंत्रनिकेतनात राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे टक्के. ऑक्टोबर 2024 मध्ये ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्‌घाटन झालं त्यांत जालन्याचं एक. तिथे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नियम आणि पास व्हायला निम्मे गुण हवेत. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर 2018 पासून जालन्यात आहे. तिथे शिकवणारेच पेपर काढतात आणि तेच तपासतात, तर संलग्न महाविद्यालयातल्या मुलाची उत्तरपत्रिका कॅप सेंटरवर, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, त्याला कधीही न पाहिलेला परीक्षक तपासतो.

सगळ्यांत बोलकं उदाहरण बदनापूरचं. जालन्याहून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव शेतकऱ्यांना तुरीच्या बी.डी.एन. वाणांमुळे माहीत आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालयही तिथे आहे. कृषी शिक्षणात श्रेणीगुण काढण्याची रीत सरळ आहे: गुणांना दहाने भागा. 72.5 गुण म्हणजे 7.25. उलट जायचं तर दहाने गुणा, झालं. अभियांत्रिकीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा तक्ता चालतो. त्यात 6.25 म्हणजे 55 टक्के, 6.75 म्हणजे 60, 7.25 म्हणजे 65, असं करत 8.25 म्हणजे 75. म्हणजे श्रेणीतून 0.75 वजा करायचे आणि मग दहाने गुणायचं. एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांतली दोन भावंडं 7.25 घेऊन घरी आली तर एकाचे साडेबहात्तर टक्के होतात, दुसऱ्याचे पासष्ट. आणि सी.बी.एस.ई.ने शाळांसाठी कधीकाळी दिलेला 9.5 चा गुणक पाठ असलेला एखादा मामा असतोच. तो दोघांनाही 68.9 सांगून मोकळा होतो. त्या 9.5 ला एक कारण होतं. 91 ते 100 गुण मिळवणाऱ्या मुलांची सरासरी 95 च्या आसपास निघाली, म्हणून 95 भागिले 10. ते कारण त्या मंडळाच्या शाळेपुरतंच खरं होतं. गुणक मात्र तेवढ्यावर थांबला नाही.

आपल्याकडे टक्के आणि वर्ग आले ते इंग्रजांबरोबर. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं. 1862 मध्ये तिथून पहिले चार बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या काळी पास होणं हीच बातमी असे. मराठवाड्याची वाट वेगळी. निजामाच्या राज्यात इथली महाविद्यालयं 1918 मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत, आणि मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते 23 ऑगस्ट 1958 रोजी. पदवीला 'सनद' म्हणायची आणि गुणपत्रकाला 'मेमो' म्हणायची इथली सवय पुण्या-मुंबईच्या माणसाला अजूनही चमत्कारिक वाटते.

त्या विद्यापीठाला 1994 मध्ये ज्यांचं नाव मिळालं त्यांचे मॅट्रिकचे गुण चरित्रांत नोंदलेले आहेत: 1907 साली 750 पैकी 282. सदतीस टक्क्यांच्या थोडं पुढे. आजच्या कोणत्याही परदेशी सूत्रात हा आकडा घातला तर तळाला जातो. तोच विद्यार्थी 1912 मध्ये एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाला, 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला, 1915 मध्ये तिथला एम.ए. झाला आणि 1923 मध्ये लंडनची डी.एस्सी. घेऊन आला. गुणांचं मोल काहीच नाही असा अर्थ मी यातून काढत नाही. त्या वर्षी त्या परीक्षेला बसलेल्या मुलांत 282 चं स्थान काय होतं, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, एवढंच.

आता सध्याच्या दहाच्या पट्टीकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014-15 च्या सुमाराला श्रेयांकाधारित पद्धत आणली तेव्हा ओ म्हणजे 10, ए प्लस 9, ए 8, बी प्लस 7, बी 6, सी 5, पी 4 आणि एफ शून्य अशी उतरंड दिली. अक्षरं देशभर एक झाली. किती गुणांना कोणतं अक्षर, हे मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या हाती राहिलं. कुठे ऐंशीला ओ, कुठे नव्वदला. त्यामुळे दोन विद्यापीठांतले 8.0 एकमेकांना कधी भेटलेच तर ओळखही दाखवणार नाहीत.

टप्प्यांच्या पद्धतीत आणखी एक खोच आहे. समजा 70 ते 79 ला ए आहे. प्रत्येक पेपरात 70 घेणारा आणि प्रत्येक पेपरात 79 घेणारी, दोघांनाही 8.0. सगळीकडे 69 घेणाऱ्याला 7.0. नऊ गुणांचा फरक नाहीसा झाला आणि एका गुणाचा फरक पूर्ण श्रेणीएवढा फुगला. असं झालेल्या आकड्यातून पुन्हा टक्के काढायचे, ते दशांश चिन्हासकट, आणि त्यावर प्रवेश-नोकरी ठरवायची. ही आकडेमोड मला नेहमीच थोडी विनोदी वाटत आली आहे, पण ज्याचा अर्ज अडतो त्याला हसू येत नाही.

आपल्याकडची जादूची रेघ 55 टक्क्यांची. नेटला बसायला खुल्या गटाला पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात. प्राध्यापकीच्या जाहिरातीत तेच. आता मेमोवर फक्त श्रेणी असेल तर 55 म्हणजे किती? दहाने गुणणाऱ्यासाठी 5.5, साडेनऊवाल्यासाठी 5.79, तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात 6.25. 5.9 असलेला मुलगा दोन हिशेबांनी आत, एका हिशेबाने बाहेर. म्हणून विद्यापीठाने स्वतःचं रूपांतराचं पत्र द्यावं लागतं आणि त्या पत्रासाठी मुलं परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर उभी राहतात.

जर्मनीवर जरा थांबायला हवं, कारण मराठवाड्यातल्या अभियंत्यांचा ओढा तिकडे वाढतो आहे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, हे त्याचं मोठं कारण. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस. हे पडताळणीचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गुणांसाठी तिथे 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात: जास्तीत जास्त शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला जास्तीत जास्त आणि किमान पास गुणांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. सूत्र साधं आहे, आणि त्यातली मेख 'किमान पास गुण' या शब्दांत आहे. तेच 65 टक्के घ्या. पास होण्याची रेघ 35 असेल तर साधारण 2.6 येतात, 40 असेल तर 2.75, 50 असेल तर 3.1. म्हणजे ज्या विद्यापीठाने पास होणं अवघड केलं, त्याच्या विद्यार्थ्याचा आकडा घसरतो! पास व्हायला निम्मे गुण मागणाऱ्या महाविद्यालयातल्या मुलाला हे सूत्र उलट शिक्षा देतं. 2.5 गाठायला 40 च्या रेघेवर 70 टक्के हवेत, 50 च्या रेघेवर 75. मेमोवर किमान गुण छापलेले नसतील तर समोरचा कारकून काय धरेल त्यावर नशीब. म्हणून अर्जाबरोबर विद्यापीठाच्या नियमांचं ते पान जोडावं, असा सल्ला जाणकार देतात, आणि तो योग्य आहे.

दुसरी अडचण वर्षांची. युरोपात वर्षाला 60 श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला 180. आपल्याकडे वर्षाला साधारण 40, तीन वर्षांना 120. त्यांचा एक श्रेयांक म्हणजे 25 ते 30 तासांचं एकूण काम, घरचा अभ्यास धरून. आपला हिशेब परंपरेने वर्गातल्या पंधरा तासांचा. आपल्या तीन वर्षांच्या पदवीला अनेक जर्मन विद्यापीठं पुरेशी मानत नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष 160 श्रेयांकांपर्यंत नेतं. त्याने ही तक्रार किती कमी होते ते पुढे दिसेल. तोवर सुरुवातीच्या मुलीने 2.75 ची चिंता करण्याआधी आपली तीन वर्षांची पदवी तिथे चालते का, याची चौकशी केलेली बरी.

आणि 'बॅक'. आपल्याकडे विषय राहिला तर पुन्हा बसायचं, पुन्हा राहिला तर पुन्हा. जर्मनीत एका परीक्षेला बहुधा तीनच संधी असतात. तिसरीही गेली तर त्या विषयाची पदवी त्या विद्यापीठातच नव्हे, देशातल्या इतर विद्यापीठांतही सहसा घेता येत नाही. उलट एकदा काठावर पास झालात तर गुण वाढवायला पुन्हा बसायची मुभा साधारणपणे नाही. इकडून गेलेल्या मुलांना हे पहिल्या सत्रात कळतं, आणि उशिरा कळतं.

परीक्षक वर कुठवर जातात, याचं टोकाचं उदाहरणही तिथलंच. कायद्याच्या राज्य परीक्षेत 18 पैकी गुण देतात, आणि 9 मिळाले की तो मानाचा निकाल समजतात. मोठ्या वकिली कचेऱ्या तोच मागतात. निम्मे गुण आणि मान! आपल्याकडे असा मेमो घेऊन मुलगा घरी आला तर बाप शेजारच्यांना सांगायचं टाळेल. फ्रान्सची पट्टी वीसची: दहाला पास, बाराला बरा, चौदाला चांगला, सोळाला उत्तम. त्याच्या वर माणसं फारशी नसतात. नेदरलँड्समध्ये दहापैकी नऊ-दहा क्वचितच मिळतात. इटलीत प्रत्येक विषयाला तीसपैकी गुण, अठराला पास, आणि अखेरची पदवी एकशे दहापैकी.

डेन्मार्कची पट्टी मात्र मला मनापासून आवडते. 12, 10, 7, 4, 02, 00 आणि उणे 3. दोनच्या आधी शून्य का? कारण नुसता 2 लिहिला तर त्याच्या आधी एक काढून 12 करता येतो. खाडाखोडीचा विचार करून पट्टी बनवणारा देश म्हणजे माणसांना ओळखणारा देश. ही पट्टी 2007 पासूनची. तिच्या आधीच्या पट्टीत वरचा आकडा 13 होता आणि तो अपवादात्मक प्रतिभेसाठी राखून ठेवलेला असे. नव्या पट्टीने तो काढला, कारण इतर देशांशी तुलना जमेना. तुलनेच्या सोयीसाठी स्वतःची पट्टी बदलणारे निदान प्रामाणिक म्हणायचे.

ब्रिटन आणि अमेरिकेत अडचण उलटी आहे: वरची जागा भरून गेली. इंग्लंडमध्ये 70 च्या वर फर्स्ट, 60 ते 69 अपर सेकंड, 50 ते 59 लोअर सेकंड, 40 ते 49 थर्ड. ही चौकट दिसायला स्थिर. पण 2010-11 मध्ये सुमारे 16 टक्के पदवीधरांना फर्स्ट मिळत होता. 2020-21 पर्यंत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या पुढे गेलं. अमेरिकेत प्रिन्स्टनने 2004 मध्ये नियम केला की ए श्रेणी सुमारे 35 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. विद्यार्थ्यांची तक्रार अशी की बाहेर नोकरी देणाऱ्याला आमच्या कडकपणाशी काय देणंघेणं? दहा वर्षांनी, 2014 मध्ये, तो नियम गेला. हार्वर्डमध्ये 2025 च्या त्यांच्याच अहवालानुसार दिलेल्या श्रेणींपैकी साठ टक्क्यांच्या आसपास ए होत्या. इकडे आपण अमेरिकेच्या चारपैकीच्या पट्टीत, जिथे 4.0 सगळ्यात वर, बसायला धडपडतो, आणि तिकडे त्या 4.0 चं काय करावं यावर बैठका चालू आहेत.

यावर उपाय म्हणून दोन विचारधारा आहेत. एक म्हणजे ठरावीक गुणांना ठरावीक श्रेणी. दुसरी सापेक्ष: वर्गात तुमचं स्थान काय त्यावर श्रेणी, जशी आय.आय.टी.मध्ये बहुतेक ठिकाणी देतात. बाजार समितीत मोसंबीची प्रतवारी त्या दिवशीची आवक बघून होते, तसाच हा प्रकार. आवक चांगली असेल तर एरवी पहिल्या प्रतीचा माल दुसऱ्यात जातो. हुशार वर्गातल्या मध्यम मुलावर यात अन्याय होतो. पण निदान आकड्याचा अर्थ उघड असतो.

युरोपने सापेक्ष पद्धत खंडभर लावून पाहिली. पास झालेल्यांतले वरचे 10 टक्के ए, पुढचे 25 बी, मग 30 सी, 25 डी, शेवटचे 10 ई. प्रत्येक देशाने आपले गुण द्यावेत आणि शेजारी हे अक्षर लिहावं, अशी कल्पना. कागदावर सुंदर. पण दहा विद्यार्थ्यांच्या वर्गात वरचे दहा टक्के म्हणजे एकच मुलगा, आणि बऱ्याच विद्यापीठांनी हे काम मनावर घेतलंच नाही. 2009 च्या मार्गदर्शिकेत ती अक्षरं बाजूला ठेवली गेली आणि त्याऐवजी सांगितलं गेलं की गुण तुमचेच ठेवा, फक्त गेल्या काही वर्षांत तुमच्या अभ्यासक्रमात प्रत्येक श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली त्याचा तक्ता जोडा. सगळ्या आढाव्यात मला पटलेला उपाय हा एकच. यात रूपांतराचं सूत्र नाही. समोरच्याने तक्ता पाहावा आणि ठरवावं.

आपल्याकडे याची उणीव कुणाला भोवते ते सांगायला हवं. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मिळते, आणि तिची अट पदवीला 55 टक्क्यांची होती. 2024 मध्ये ती 75 वर नेण्याचा निर्णय झाला, राज्यभर विरोध झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा सामाजिक न्यायाचा होता आणि रास्त होता. पण निव्वळ मापनाच्या बाजूने पाहिलं तरी ती अट टिकत नव्हती. कोणत्या विद्यापीठाचे 75? जिथे ऐंशीला ओ मिळतो तिथले की नव्वदला? घनसावंगी-मंठ्याकडच्या मुलाने कॅप सेंटरवरून घेतलेले 62 आणि मोठ्या शहरातल्या स्वायत्त महाविद्यालयाने आपल्याच विद्यार्थ्याला दिलेले 78 एका रेघेने मोजायचे, याला मोजमाप म्हणत नाहीत.

2021 पासून श्रेयांकांची बँक आली आहे. मुलाचे श्रेयांक एका खात्यात जमा होतात, एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता येतात. श्रेयांक हलतात, त्यासोबतच्या श्रेणीचा अर्थ मात्र मागेच राहतो. खरं तर सगळी सामग्री विद्यापीठांकडे आहे. कॅप सेंटरवरचे गुण संगणकातच भरले जातात. कोणत्या पेपरात किती विद्यार्थी बसले, किती पास झाले, ए प्लस किती जणांना मिळाला, हे एका दिवसात काढता येईल. मेमोच्या मागच्या बाजूला तीन ओळी पुरेत: पास रेघ किती, गेल्या तीन वर्षांत कोणती श्रेणी किती टक्क्यांना, या विद्यार्थ्याच्या पुढे किती जण. बव्हेरियन सूत्रातली मेखही त्याने सुटते.

हे होईपर्यंत मुलांनी काय करावं? अमेरिकी विद्यापीठांच्या शिफारसपत्राच्या अर्जात बहुतेकदा एक चौकट असते: हा विद्यार्थी तुमच्या वर्गात वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत? आपले प्राध्यापक बरेचदा भलेपणाने सगळ्यांनाच पहिल्या चौकटीत टाकतात, त्यामुळे त्या खुणेवर कुणी विश्वास ठेवत नाही. तिथे खूण करून खाली स्वच्छ लिहावं की वर्गात 84 विद्यार्थी होते, हिचा क्रमांक सहावा, आणि पास झाले 51. प्राचार्यांची सही आणि शिक्का घेऊन हेच पत्र वेगळंही जोडता येतं. जर्मनीच्या अर्जात नियमांच्या पानाशेजारी ते ठेवावं. फक्त निकालाच्या हंगामात कार्यालयात गर्दी असते, तेव्हा ते आधीच मागून ठेवावं.